चुना डोळ्यात गेला, तर लिंबू नको

ॲसिड भाजतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. संडास धुवायची बाटली आपण मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवतो. तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी मात्र सदऱ्याच्या खिशात, उशाखाली, कुठेही. मूल ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. मग कुणी लिंबू पिळतं, कुणी तूप सोडतं. दोन्ही करू नका.

लिंबासारखं आम्ल आणि चुन्यासारखी आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं, हे शाळेतलं समीकरण खरंच आहे. पण या क्रियेत उष्णताही सुटते. ती काचेच्या चंचुपात्राला सोसते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. प्रयोगशाळेत आम्ल थेंबाथेंबाने मोजून सोडतात, इथे चुना किती गेला हेच ठाऊक नसतं. शिवाय लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे भाजल्यावर पुन्हा भाजणं. "चुना तर आपण पानातून खातोच की!" खातो, पण नखभर, आणि तोही जास्त झाला की जीभ पोळतेच. चुन्याच्या निवळीचा पीएच 12.4 च्या घरात असतो, आणि हे माप दर अंकाला दहापट चढतं. आम्ल प्रथिनं गोठवतं आणि त्या थराने बऱ्याचदा स्वतःचीच वाट अडवतं. आम्लारी मात्र चरबीचा साबण करत आत शिरत राहते. कॉस्टिक सोडा बोटांना बुळबुळीत लागतो तो त्यामुळेच.

म्हणून पहिल्या क्षणापासून पाणी, आणि भरपूर. मुलाला टॉवेलात गुंडाळा, दुखरा डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं वळवा, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि किमान 30 मिनिटं धार धरा. नळाचं पाणी निर्जंतुक नसतं, ही शंका रास्त आहे. पण जंतूंवर औषध आहे, न धुता दवडलेल्या मिनिटांवर नाही. मूल रडेल, रडू द्या. त्यानंतर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा, औषधांच्या दुकानातले थेंब घालून वाट पाहू नका. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत दडून झिरपत राहतात; पापणी उलटून ते काढावे लागतात, आणि धुणं पुरलं का हे पीएच कागदाने पाहतात. वेळेवर धुतलेले बरेच डोळे चांगले सुधारतात. लाल डोळ्याने आईबाप घाबरतात, पण बुबुळाभोवतीचा भाग पांढराफटक पडला असेल तर तिथला रक्तपुरवठाच बंद झालेला असू शकतो. असा डोळा कमी दुखला, तरी उद्यावर ढकलू नका.