एका शिपायाचा न्यूझीलंड दौरा

२९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत १९२८, १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचा उल्लेख हमखास येतो. त्याआधीच्या एका दौऱ्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. १९२६ साली भारतीय सैन्याचा हॉकी संघ न्यूझीलंडला गेला होता. खेळातून निवृत्त झाल्यावर लिहिलेल्या 'गोल' या आत्मचरित्रात ध्यानचंदांनी या दौऱ्याच्या आठवणी सांगितल्या आहेत.

ध्यानचंद १९२२ साली शिपाई म्हणून भरती झाले. त्यापूर्वी ते हॉकी मन लावून असे खेळलेच नव्हते. सैन्यात सुभेदार-मेजर तिवारी यांनी त्यांना खेळाचे धडे दिले. चारच वर्षांत त्यांची परदेश दौऱ्यासाठी निवड झाली. कमांडिंग ऑफिसरने ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांना काय बोलावे ते सुचेना. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला, साहेबांच्या नजरेआड होईपर्यंत दम धरला आणि मग बराकीकडे धूम ठोकली!

पुढची अडचण कपड्यांची होती. शिपायाचा पगार तुटपुंजा, घरचीही परिस्थिती बेताची. परदेशी जायचे म्हणून नवे कपडे शिवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे मुख्यतः सैन्याचे किट घेऊनच ते निघाले.

या संघाने २१ सामने खेळले. त्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि फक्त १ गमावला. संघाने एकूण १९२ गोल केले, म्हणजे सरासरी प्रत्येक सामन्यात नऊ. त्यांतले शंभराहून अधिक एकट्या ध्यानचंदांचे होते.

पण त्यांच्या आठवणींत आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तो ब्रिटिश राजवटीचा काळ. साधा हिंदी शिपाई मोठ्या लोकांशी बरोबरीच्या नात्याने वागेल, ही कल्पनाही तेव्हा कोणी करत नसे. न्यूझीलंडमध्ये मात्र गावोगावी या जवानांचे सत्कार झाले, मेजवान्या झाल्या. तिथे त्यांना मान मिळाला तो त्यांच्या खेळामुळे. चांगला खेळाडू ठरलो तसा चांगला सैनिकही ठरलो, ही भावना घेऊन ध्यानचंद परतले. त्यानंतर त्यांना लान्स नायक म्हणून बढती मिळाली. १९३५ साली ते पुन्हा न्यूझीलंडला गेले, ते भारतीय संघाचे कर्णधार म्हणून. १९५६ मध्ये ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले.

आपल्या वसतिगृहातही कोणाकडे महागडी स्टिक असते, तर कोणाकडे मोठ्या भावाची जुनी. घरची परिस्थिती सगळ्यांची सारखी नसते. मैदानावर उतरल्यावर मात्र चेंडू कोणाला द्यायचा, हे स्टिकच्या किमतीवरून ठरवू नये. कोण मोकळ्या जागेत धावला आहे, ते पाहावे. ध्यानचंदांच्या पहिल्या दौऱ्यातून मी हे शिकलो.