आधी कुणी उठायचं?

हे बघ बाई, फोनवर नीट बोलता आलं नाही. तुझ्या मागे घरातली माणसं होती आणि तुझा गळा दाटलेला, म्हणून लिहून पाठवते. पोरगी झोपली की निवांत वाच.

प्रभुभोजनाच्या वेळी तू मागच्या बाकावर बसून राहिलीस, पेला घेतला नाहीस, हे मला मावशीनेच, तुझ्या आईनेच, सांगितलं. कारणही कळलं. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत तुला दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. पोरीच्या सिकलसेलमागे घरातलं कबूल न केलेलं एखादं पाप असेल, ते शोधा, ही पहिली. दुसरी अशी की दादाने तुझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली ते मनातून काढून टाक, क्षमा कर, नाहीतर देवाकडे तुझीच क्षमा अडेल. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, मी वाद घालत नाही. पण पोरगी आजारी, तर ओझं तुझ्यावर. जमीन दादाकडे गेली, तरी ओझं तुझ्यावरच. हा कुठला हिशेब?

आधी पोरीचं बोलू. तू एएस, जावई एएस. अशा जोडप्याला दर खेपेला मूल एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के, तुमच्यासारखं वाहक होण्याची ५० आणि साफ मोकळं सुटण्याची २५. थोरला मोकळा सुटला, धाकटी नाही सुटली. यात कुणाच्या वागण्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात हा आजार काही नवा नाही. तपासणी शिबिरांत मी रक्ताचे थेंब घ्यायचं काम केलंय. रिपोर्ट हातात आला की आई पहिलं विचारते, आमचं काय चुकलं? कुणी मागच्या जन्माचं विचारतं, कुणी देव कोपला म्हणतं, आपल्या मंडळीतल्या बायका पाप म्हणतात. बापांनी असं विचारलेलं मला फारसं आठवत नाही, हेही सांगून ठेवते.

आणि हा जनुक इथे टिकला कसा, ते माहीत आहे का तुला? हिवतापामुळे. ज्याच्या अंगात सिकलचा एकच जनुक असतो, त्याला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. नागझिरा-नवेगावच्या जंगलाकडेच्या गावांत जेव्हा तापाने घरंच्या घरं आडवी व्हायची, तेव्हा तुमच्या खापरपणजीला कदाचित याच जनुकाने तगवलं असेल. तिला काय पापी म्हणायचं?

म्हणून एक काम कर. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू ठेव, आणि उपास-प्रार्थनेच्या दिवशी पोरीला उपाशी-तहानलेली ठेवू नकोस. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलच्या कळा उठतात. तुला उपास करायचा तर तू कर.

आता पाप वारशाने येतं, हे आपल्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन, इ.स. ३५४ ते ४३० चा माणूस. आदामाचा दोषच जन्माबरोबर प्रत्येक तान्ह्या बाळाला चिकटतो, ही शिकवण त्याने पक्की केली आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी उचलली. आपल्याकडे आलेले मिशनरी पश्चिमेचे, म्हणून आपणही तेच शिकलो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तेव्हापासून वेगळं सांगत आल्या आहेत: आदामाकडून माणसाला मरण आलं, दुबळेपण आलं, पण त्याचा दोष आला नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचं काय होतं, या प्रश्नाने किती आया झुरल्या असतील! २००७ साली कॅथलिक चर्चच्या ईशशास्त्र आयोगानेही लिहून दिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. इतकी शतकं गेली त्याला. खरं तर यहेज्केलाचा अठरावा अध्याय आधीपासून होताच, बापाचा दोष मुलावर नाही असं स्वच्छ सांगणारा. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून येशूला तेच विचारतात जे तुला शुक्रवारी विचारलं: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. पुढच्या शुक्रवारी कुणी पुन्हा विषय काढला तर तेवढा अध्याय वाचायला सांग. आवाज चढवायची गरज नाही.

दादाचं जास्त कठीण आहे, कारण तिथे खरोखरच पाप झालेलं आहे.

एक जुनी गोष्ट सांगते, आपल्याच रुळांवरची. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. म्हणजे आपल्या तिरोडा-गोंदिया-आमगाववरून डोंगरगडकडे जाते तीच लाइन. डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी संस्कृत काव्यावर गप्पा जुळल्या. उतरताना त्याने नव्या कराराचं पुस्तक हातात ठेवलं आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. झालंही तसंच, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की ते पुस्तक वाचताना टिळकांना कशाने धरून ठेवलं. नरकाच्या भीतीने नाही, डोंगरावरच्या प्रवचनाने. मत्तयाचे पाच, सहा, सात हे अध्याय. तिथून पुढे त्यांना पुस्तक खाली ठेववेना.

त्याच प्रवचनात, पाचव्या अध्यायाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वचनांत, येशू काय सांगतो ते बघ. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे उठायचं कुणी? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. आपल्या प्रार्थनासभेत उठवलं कुणाला? जिची तक्रार आहे तिला.

सुगीच्या उपासनेत दादाने धानाचं पोतं आणून पुढे ठेवलं होतं. चांगलं नवं पोतं, वर तांबडी दोरी, साऱ्या मंडळीने बघितलं. ते धान नहराकडच्या बांधीतलं. त्या बांधीत तू लग्नाआधी दरवर्षी गुडघाभर चिखलात रोवणी केलीस, मावसाजी गेल्यावर कायद्याने तिचा एक वाटा तुझा झाला. वारस चढवायचाय म्हणून तुला आमगावला नेलं, अंगठा-फोटो झाला, आणि दिवाळीत तू फेरफार बघितलास तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. त्या पोत्यापाशी उभं राहून दादाला हे वचन वाचून दाखवायला हवं होतं. कुणी दाखवलं नाही.

हे असं का होतं, त्यालाही इतिहास आहे. १०९८ च्या सुमारास अँसेल्म नावाच्या मोठ्या धर्मपंडिताने मांडलं की पाप म्हणजे देवाचा मान राखला नाही, तो मान भरून देणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून देवच माणूस झाला. सरंजामी काळ होता, मानअपमानाची भाषा लोकांना कळायची. विचार खोल आहे, मी हसत नाही. पण एक बघ, या मांडणीत ज्याचं नुकसान झालं तो पक्षकार देव. ज्या माणसाची जमीन गेली, इज्जत गेली, तो दाव्यातच नाही. मग दादा रात्री गुडघे टेकून देवाशी मिटवून घेतो आणि सकाळी तुझ्याच बांधीला पाणी लावतो. एक्कावन्नावं स्तोत्र परंपरेने दाविदाचं मानतात, बथशेबा आणि उरियाच्या प्रकरणानंतरचं. त्यात तो देवाला म्हणतो की मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. मला ते स्तोत्र फार आवडतं, आणि तरी दर वेळी मनात येतं, अरे, आणि उरियाचं काय? तो तर मेला.

कोरियन वंशाचे एक धर्मपंडित आहेत, अँड्र्यू सुंग पार्क. १९९३ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहून हेच दुखणं मांडलं: पाप करणाऱ्याचं तारण कसं, यावर चर्चने खूप लिहिलं, ज्याच्यावर पाप झालं त्याच्या जखमेचं काय, यावर फारच कमी. मला वाचून बरं वाटलं होतं. इतक्या लांबच्या माणसाला आपल्या घरातलं कळलं असं.

आता तू म्हणशील, मग सहाव्या अध्यायाचं काय? तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, हेही त्याच प्रवचनात आहे. आहे ना. मी ते पान फाडणार नाही. पण येशूने मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात त्यावर जी गोष्ट सांगितली ती आठव. राजाने ज्याचं डोंगराएवढं कर्ज सोडलं, तो बाहेर येऊन चिल्लर उधारीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. त्या गोष्टीत क्षमा करायला सांगितलंय ते गळा धरणाऱ्याला. ज्याचा गळा धरलाय त्याला कुणी म्हणत नाही, अरे, तू आधी याला क्षमा कर. तुझ्या हातात दादाचा गळा आहे का? आणि जक्कय बघ. जकातदार, लोकांना लुबाडलेला. येशू घरी येताच तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण आलं. लुबाडलेल्या लोकांना गोळा करून आधी क्षमा करा असा बोध तिथे झालेला नाही.

तुला प्रार्थनासभेत राणी मारिया सिस्टरची गोष्टही सांगितली असेल, सांगतातच. खरी गोष्ट आहे आणि मोठी आहे. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात त्यांचा खून झाला, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉलने, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. मी ती गोष्ट वाचून रडलेय. पण सांगताना दोन गोष्टी गाळतात. राखी सात वर्षांनी बांधली. आणि तो माणूस राखीनंतरही तुरुंगातच होता, सुटला २००६ मध्ये. क्षमा झाली म्हणून शिक्षा पुसली गेली नाही. तुला तर दिवाळी ते लेंट एवढाही वेळ द्यायला कुणी तयार नाही.

विसरायला लागतं असंही कुणी सांगितलं तर लक्ष्मीबाई टिळक वाच. टिळक न सांगता ख्रिस्ती झाले, बाईंची वर्षं विस्कटली, पुढे त्या नांदायला गेल्या, १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. आणि तरी ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा संताप, लहरीपणा, पैशाची बेफिकिरी, सगळं नोंदवून ठेवलंय, वर हसतहसत. प्रेम केलं म्हणून आठवण खोडली नाही बाईंनी.

मग तू काय करायचं? राग येतो त्याला पाप म्हणू नकोस. दादाचं वाईट व्हावं असं मनात येत असेल तर ते मात्र देवापुढे ठेव, ते तुलाच पोखरेल. एवढं मी मोठी म्हणून हक्काने सांगते. बाकी क्षमा तुझ्या सवडीने येऊ दे, आणि जमीन मागणं थांबवू नकोस.

त्यातली माहिती अशी. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर मावशीचा एक तृतीयांश, उरलेलं मुलांत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. फसवून करून घेतलेला नोंदणीकृत दस्त रद्द करायला दिवाणी दावा लावता येतो, पण फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत. तू प्रार्थनेत थांबलीस तरी ही मुदत थांबणार नाही. वकिलाच्या फीची भीती नको. बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. गोंदियाच्या कोर्टातच विचारायचं.

पण त्याआधी दादाशी बोलायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातच क्रम दिलाय: आधी दोघांत बोला, ऐकलं नाही तर एक-दोन माणसं सोबत घ्या. दोघांतलं तू दिवाळीत करून बघितलंस, तो म्हशीला पाणी दाखवायला उठून गेला. आता दुसरं माणूस म्हणून मी येते. लेंट संपायच्या आत येते, एखाद्या रविवारी उपासनेनंतर. पाळकांनाही बोलावू. त्यांनी तुला सहावा अध्याय दाखवला, दादाला पाचवा दाखवा म्हणून मीच विनंती करीन, हात जोडून. मावशीला आधी कळवू नकोस, ती चहा-चिवड्याखाली सगळा विषय दाबून टाकेल.

आणि पुढच्या प्रभुभोजनाला पुढे जा, पेला घे. अर्पण ठेवून मागे फिरायचं वचन तुझ्यासाठी नव्हतं.

दस्ताचा नंबर आणि तारीख व्हॉट्सॲपवर पाठव. फोटो अंगणात उजेडात काढ, मागच्या वेळच्या फोटोत निबंधकाचा शिक्काच वाचता येत नव्हता.