गार, पाणी आणि वाफ

वाचनाचा भाग: स्तोत्रसंहिता १४७:१६–१८; लूक १३:१–५

फाल्गुनाच्या सुमारास वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागांत गहूं व हरभरा काढणीस येतो, आणि त्याच दिवसांत शेतकरी बांधवांस गारांचें भय वाटूं लागतें. सन २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत विदर्भ व मराठवाड्यांत गारपिटीनें उभीं पिकें झोडपलीं. तेव्हां गार म्हणजे काय, हें या पाठांत पाहूं.

गार, पाणी व वाफ हे तीन पदार्थ नव्हेत; एकाच पदार्थाच्या त्या तीन अवस्था होत. अतिसूक्ष्म कण तिन्हींत तेच. भेद आहे तो त्यांच्या परस्पर बंधनांत. गारेमध्यें प्रत्येक कण आपली जागा धरून तेथेंच थरथरतो, म्हणून तिला स्वतःचा आकार असतो. ही घन अवस्था. पाण्याचे कण एकमेकांस लागून असतात, पण एकमेकांवरून घसरतात; म्हणून पाणी घागरींत घागरीचा व तांब्यांत तांब्याचा आकार घेतें, परंतु मापास तितकेंच भरतें. ही द्रव अवस्था. वाफेचे कण मोकळे होऊन सर्व दिशांस धांवतात. उकळतें पाणी वाफ झालें म्हणजे सुमारें १,६०० पट जागा व्यापतें. ही वायुरूप अवस्था.

हा पालट उष्णतेनें घडतो. उष्णता मिळाली म्हणजे कणांचीं बंधनें सैल होतात. ती गेली म्हणजे आवळतात. माठांतून झिरपलेलें पाणी वाफ होतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, म्हणून माठाचें पाणी गार लागतें.

गारेचेंही तसेंच. तापलेली दमट हवा वेगानें वर चढते. उंचावर थंडी शून्य अंशाखालीं असते. तेथें गोठलेल्या कणावर मेघांतील पाणी बसून गोठतें. चढता वारा त्यास तोलून धरतो व थरावर थर चढतात. भार वाऱ्यास पेलेनासा झाला म्हणजे गार खालीं येते. मोठी गार चिरली असतां पुष्कळदां कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

पूर्वीं वऱ्हाडांत गारा टाळण्याचें काम गारपगारी लोकांकडे असे व गांव त्यांस धान्य देई. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याची नोंद आहे. त्यांच्या वंशजांस कोणीं हिणवूं नये. भुकेच्या भयानें मनुष्य आधार शोधतो. परंतु मंत्रानें मेघांतील थंडी कमी होत नाहीं, हें आपण जाणावें.

येथें उपदेशक बंधूंस एक विनंती. शेजाऱ्याचें शेत झोडपलें असतां, “हा त्याच्या पापाचा दंड,” असें कोणी विश्वासी म्हणतो. आणि आपलें झोडपलें असतां, “कुळदैवत सोडल्याचें हें फळ,” असें गांव म्हणतें. दोन्ही बोल सारखेच खोटे. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. स्तोत्रकर्ता तर हिम, वारा व वाहतें पाणी हीं सर्व एकाच देवाच्या आज्ञेखालीं ठेवितो. पण तीं कोणाच्या दोषाचें माप आहेत असें तो म्हणत नाहीं. यास्तव गारा पडल्यावर प्रथम शेजाऱ्याच्या बांधावर जा, पडलेलें पीक सावरूं लागा, पंचनाम्याच्या कामीं त्यास साहाय्य करा. मग प्रार्थना करा.

प्रश्न:
१. गार व पाणी यांच्या कणांत साम्य काय व भेद काय?
२. माठाचें पाणी थंड कां होतें?
३. आपल्या गांवीं गारपीट झाली तर मंडळीनें प्रथम कोणाकडे जावें?