वांग्यापायी गेलेली भुवई

डिसेंबरात वांग्याचं भरीत कोळशावरच व्हायचं, हा आमच्या आईचा दंडक. भिलाईच्या सेक्टरमधलं क्वार्टर, समोर थोडं अंगण, पाहुणे येऊन बसलेले आणि कोळसा काही पेटेना. पोतं आठवडाभर नळाजवळ पडून दमट झालं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय! दोन कागद जळून गेले, चार कोळसे कडेला लालसर झाले आणि निवले. मी घासलेटची बाटली आणली. आई आतून "अरे थांब" म्हणेपर्यंत धार सुटली होती.

आधी आग नाही, पांढरा धूर आला. आणि मग भक्कन. उजवी भुवई गेली, मनगट भाजलं. दचकून फेकलेली बाटली मातीत पडली, पेटली नाही, हे केवळ नशीब. शेजारच्या छत्तीसगढी काकी धावत आल्या, माझा हात नळाखाली धरून वीसेक मिनिटं सोडला नाही. टूथपेस्ट घेऊन आलेल्या एकाला त्यांनी तिथूनच परत पाठवलं. मग मला म्हणाल्या, "आगी ला तेल पियाय बर कोन कहिस?" भरताला इतका घासलेटचा वास मारत होता की ते कुणी तोंडात घालेना.

निवलेला दिसणारा कोळसा आतून चांगलाच तापलेला असतो. त्यावर घासलेट पडलं की त्याची आधी वाफ होते, ती हवेत पसरते आणि एखादी ठिणगी मिळाली की सगळी एकदम पेटते. मे महिन्यात आमच्या अंगणात जेवढं तापतं, साधारण तेवढ्या उष्णतेलाच घासलेटची वाफ पेट घेण्याजोगी होते. पेट्रोल आणि थिनर तर थंडीतही वाट बघत नाहीत. रंगकामातलं उरलेलं थिनर शेगडीवर ओतणारी मुलं मी अजून बघतो आणि त्यांच्या अंगावर ओरडतो.

बाबा इथल्या पोलाद कारखान्यात, ब्लास्ट फर्नेसमध्ये होते. रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी केलं. आमच्या घरी ही तारीख वाढदिवसासारखी पाठ. त्या भट्टीत कोक वरून पडतो आणि तापलेली हवा खालून घुसते. "आणि तू वरून तेल ओततोस?" एवढंच म्हणून रविवारी त्यांनी तुपाचा पत्र्याचा डबा कापायला घेतला.

डब्याचं झाकण आणि बूड दोन्ही काढलं. खालून चार बोटांवर जाड तारा आरपार ओवून जाळी केली, तिच्याखाली मोठ्या खिळ्याने गोल भोकं पाडली, बाहेरून लाकडी मूठ बसवली. पहिल्यांदा डबा उघड्यावर रिकामाच जाळला, म्हणजे छपाईचा रंग जातो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली मात्र यासाठी घेऊ नका, तापल्यावर तिचा धूर विषारी असतो. डबा विटांवर ठेवायचा. खाली दोन कागद चुरगळून, त्यांना चमचाभर खायचं तेल लावायचं, म्हणजे ते सावकाश जळतात. वर सुका लाकडी कोळसा भरून कागद खालून पेटवायचा. गरम हवा वर निघते, भोकांतून नवी आत ओढली जाते. पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका, आणि वरून तोंड घालून बघू तर अजिबात नका. वरच्या कोळशांवर राखाडी साय दिसली की जाड हातमोजा घालून डबा शेगडीत उपडा करा.

हे सगळं अंगणात. थंडीत खाटेखाली गोरसी, म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी, ठेवून दारं-खिडक्या लावून झोपणारी घरं इकडे आहेत. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बाबा प्लांटमध्ये जन्मभर त्याच वायूला भ्यायले, म्हणून आमच्याकडे गोरसी कधी उंबऱ्याच्या आत आली नाही.

भुवई उगवली, जरा विरळ. डब्याच्या तारा आतापर्यंत तीनदा बदलल्या.