दंतोद्भेद : उपचारात संयम, निरीक्षणात दक्षता

बालकाला ज्वर आला, अतिसार झाला किंवा ते किरकिर करू लागले की 'दात येत असतील' हे निदान घरातील ज्येष्ठ मंडळीच करून टाकतात आणि औषधालयातून एखादी गुटी नेली जाते. या समजुतीला शास्त्राधार आहे असे आम्हा वैद्यांनाही वाटते. तो आधार कितपत आहे आणि आलेल्या दातांचे रक्षण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रविचार

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील दंतजन्मिक अध्यायात दंतजन्माचे सामुद्ग, संवृत, विवृत आणि दंतसंपत् असे चार प्रकार वर्णिले असून आठव्या महिन्यात येणारे दात श्रेष्ठ मानले आहेत. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दंतोद्भेद हे सर्व रोगांचे कारण सांगून ज्वर, अतिसार, कास, छर्दी आदींचा विशेष उल्लेख केला आहे. आपल्या स्मरणात बहुधा एवढेच राहते. परंतु या विकारांत बालकाला फार जखडू नये, दात आल्यावर ते आपोआप शमतात, असेही आचार्यांनी पुढे सांगितले आहे. हा उपदेश अतिऔषधापासून परावृत्त करणारा आहे. गंभीर लक्षणांकडे दुर्लक्ष करण्याची ती अनुज्ञा नव्हे.

पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. याच काळात मातेकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचे अन्न सुरू होते आणि मूल हाती लागेल ते तोंडात घालते. त्यामुळे जंतुसंसर्गाचा आणि दातांचा काळ एकच ठरतो.

व्यवच्छेद

लाळ गळणे, हिरड्या सुजणे, चावण्याची इच्छा, अंग किंचित कोमट लागणे ही दंतोद्भेदाची लक्षणे होत. ज्वर 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅ.) वर गेल्यास अन्य कारण शोधलेच पाहिजे. अतिसारात डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे ही जलक्षयाची चिन्हे दिसताच रुग्णालयात पाठवावे. अतिसार सौम्य असला तरी ओआरएस आणि स्तनपान चालू ठेवावे. सहा महिन्यांवरील बालकास जस्त (झिंक) रोज 20 मिलिग्रॅम 10 ते 14 दिवस द्यावे.

हिरड्यांचे उपचार

पिंपळी, किंवा धायटीची फुले व आवळा, यांच्या चूर्णाचे मधातून प्रतिसारण ग्रंथोक्त आहे. तथापि मधातील जंतुबीजांमुळे अर्भकास बोट्युलिझम हा घातक विकार होऊ शकतो. म्हणून एक वर्षापर्यंत मध कोणत्याही रूपाने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वच्छ बोटाने हलके मर्दन करावे किंवा थंड पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके चावावयास द्यावे. एवढ्याने बहुतेक बालकांचे भागते. घरातील मिश्री हिरड्यांना लावण्याची प्रथा निक्षून थांबवावी. ती तंबाखूच आहे. बेन्झोकेनयुक्त जेलही दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये.

दंतरक्षण

'दुधाचे दात पडणारच' ही समजूत हानिकारक आहे. एकूण 20 दुधाचे दात साधारणतः तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतात आणि त्यांतील दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या किडून अकाली गेल्यास चर्वण बिघडते व कायमच्या दातांची जागा आक्रसते.

पहिला दात दिसताच दिवसातून दोन वेळा मऊ ब्रशने सफाई सुरू करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. खरखरीत दंतमंजन या वयात वर्ज्य करावे. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. वरच्या पुढील दातांवर हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची पहिली खूण समजून दंतवैद्याकडे पाठवावे.

औषधालयचालकांस

आपली सरबते, अवलेह व पाक शर्करायुक्त असतात. ती नित्य आणि रात्री निजताना दिल्यास औषधच किडीचे निमित्त होते. मात्रा शक्यतो जेवणाबरोबर द्यावी, त्यानंतर पाणी पाजावे. दात घासल्यावर गोड औषध नको, हे गिऱ्हाइकास आवर्जून सांगावे. शिवाय 'दातांचे औषध द्या' अशी मागणी आल्यास बालकाचे वय, ज्वर आणि जुलाबांची संख्या हे तीन प्रश्न विचारल्यावाचून गुटी देऊ नये.