आखाजीची गौराई : आधी विधी की आधी कथा?

आपल्या खानदेशात आखाजी आली म्हणजे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवितात. पितरांची घागर भरतात ती निराळी. काही गावी गौराईसाठी टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि पुढे गाणी म्हणत तिला नदीवर पोचवितात. आता विचारावयाचे ते हे, की हे करणे आधी, की गौरी माहेरी आली नि शंकर तिला न्यावयास आला ही कथा आधी?

रॉबर्टसन स्मिथ नावाच्या पंडिताने 1889 साली मांडले की, प्राचीन धर्मांत विधी ठरलेला असे, कथा बदले. पुष्कळ कथा विधीतूनच निघाल्या. हे ऐकून कोणी दचकू नये. आमचे मीमांसक, थेट जैमिनींपासून, दुसरे काय म्हणतात? वेदातील आख्याने हा अर्थवाद. ती विधीची स्तुती करतात, ऐकणाऱ्याला कर्माकडे ओढतात. मुख्य वाक्य 'करावे' हे.

टोपलीकडेच पहा ना. मिसर देशात ओसिरिस देवाच्या आकाराची लाकडी चौकट करीत, तीत नाईलचा गाळ भरून धान्य पेरीत आणि ती थडग्यात ठेवीत. तुतनखामेन राजाचे थडगे 1922 साली सापडले, त्यात अशी चौकट निघाली. ओसिरिसला भावाने मारले, तरी तो पुन्हा उठला, ही तिकडची कथा. ग्रीस देशात अथेन्सच्या बायका ऐन उन्हाळ्यात फुटक्या मडक्यांत बडीशेप, भाजीपाला पेरून धाब्यावर नेत. रोपे भराभर सुकत. मग अकाली गेलेल्या अडोनिससाठी आक्रोश करून ती पाण्यात टाकीत. आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो; सातपुड्यापलीकडे निमाडात गणगौरीला जवारे असतात. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मी म्हणत नाही. मातीत गाडलेले बी वर येते, हे शेतकऱ्याला कुठेही दिसतेच!

पण मीमांसकांशी येथे माझे थोडे भांडण आहे. कथा नुसती स्तुती नव्हे. हातांनी केले ते एकच, माती, बी, पाणी. तरी अथेन्सची बाई मेलेल्या तरुणासाठी रडे, आणि आपली माय लेक सासरी निघाली म्हणून डोळ्यांना पदर लावते. हा फरक कथेने केला. कथा गेली तर टोपली नदीत सुटेल, हुंदका मात्र येणार नाही.

आणि गौराईची कथा आहे कुठे? पोथीत शोधाल तर मिळावयाची नाही. ती अहिराणी गाण्यांत आहे, म्हाताऱ्या आयाबायांच्या तोंडी. आता कर्ण्यावर सिनेमाची गाणी लागतात, त्यात ती बुडतात. काही बुवाही 'बायकांचे खेळ' म्हणून नाक मुरडतात; मला ते पटत नाही. मुक्ताईच्या खानदेशात तरी असे बोलू नये.

आखाजीनंतर तीनेक आठवड्यांनी, वैशाख वद्य दशमीस, मुक्ताईंचा सोहळा येतो. शके 1219 मध्ये, म्हणजे 1297 साली, तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाल्या, ही कथा आपण कीर्तनात सांगतो. आणि कोथळीची पालखी महिनाभर चालत पंढरीस जाते. येथे चालणे आणि सांगणे दोन्ही जिवंत आहेत, कारण सांगणाऱ्याला उभे राहावयास जागा आहे. गौराईच्या गाण्यांना ती नाही.

म्हणून या तीन आठवड्यांत ज्या गावी सप्ताह असेल, तेथे एका दुपारी आयाबायांना पुढे बसवावे, गौराईची गाणी म्हणवून घ्यावी, आणि गावातल्या शाळकरी पोरींनी ती वहीत उतरून घ्यावी.