दंडावरचा वण

बारामती तालुक्यातील पिंपळी या गावी शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या थोडे खाली, मसुरीच्या डाळीएवढा एक वण आढळतो. तो क्षयप्रतिबंधक बी. सी. जी. लशीचा वण होय. त्याच घरातील आजोबांचा हात पाहिला, तर त्यावर याहून मोठे व खोलगट वण दिसतात. ते देवीच्या लशीचे. नातवाच्या हातावर ते नाहीत, कारण १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले आणि ती लस टोचण्याची गरजच उरली नाही.

देवी हा एके काळी मोठा भयंकर रोग होता. ज्यांना तो होई, त्यांतील दहांपैकी सुमारे तीन माणसे दगावत. जी वाचत, त्यांतील कित्येकांची दृष्टी जाई. मात्र एक गोष्ट जुन्या लोकांच्याही ध्यानात आली होती : एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हा येत नसत. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन तो आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. ते फोड गाईंपासून माणसांना होणाऱ्या एका सौम्य रोगाचे होते. पुढे त्या मुलाला मुद्दाम देवीचा संसर्ग घडवूनही त्या आल्या नाहीत. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि तो करू देणेही योग्य ठरणार नाही.

ही लस भारतात आणणे सोपे नव्हते. वाटेतील उन्हाने ती निकामी होई. म्हणून एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती माणसांच्या अंगावरच जिवंत ठेवीत पुढे न्यावी लागे. बगदाद, बसरा असा प्रवास करीत ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ या दिवशी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतात देवीची लस यशस्वीपणे टोचून घेणारी ती पहिली व्यक्ती होय. तिच्या दंडावरील फोडातून मुंबईतील आणखी मुलांना लस दिली गेली आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद येथवर गेली. आपल्या इवल्याशा दंडावरून केवढी मोठी गोष्ट पुढे जात आहे, याची त्या बालिकेस कल्पनाही नसणार!

लस टोचल्याची वेदना चार दिवसांत विसरली जाते. शरीर मात्र त्या जंतूची ओळख वर्षानुवर्षे विसरत नाही. ही ओळख कोण ठेवते, हे जेन्नरला ठाऊक नव्हते. ते कळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूस, एक मऊ ग्रंथी असते. तिचे नाव थायमस. बालपणी ती मोठी असते व तारुण्यानंतर झिजत जाते, म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे म्हणतात. ती निरुपयोगी असावी, असाच विद्वानांचा फार दिवस समज होता. १९६१ साली जॅक मिलर या संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या शरीरातून ती काढून टाकली, तेव्हा त्यांची रोगांशी लढण्याची शक्तीच खचली, असे दिसून आले. रक्तातील काही पांढऱ्या पेशी याच ग्रंथीत तयार होतात. थायमसच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्यांना टी-पेशी हे नाव मिळाले.

प्रत्येक टी-पेशीच्या अंगावर एकाच विशिष्ट आकाराचे ग्राहक असतात. कुलपास जशी ठरावीक किल्लीच चालते, तसा त्या ग्राहकास ठरावीक पदार्थाचा तुकडाच जुळतो. अशा परक्या पदार्थास प्रतिजन म्हणतात. नवल हे, की हे ग्राहक जंतू आल्यानंतर घडवले जात नाहीत. ते आधीच, योगायोगाने, असंख्य आकारांचे बनलेले असतात. त्यांतील काही पेशी आपल्याच शरीरावर उलटण्याजोग्या निघतात. त्यांना थायमसमध्येच नष्ट केले जाते. काहींचा ग्राहक कोठेच जुळत नाही, त्याही मरतात. शंभरातून जेमतेम दोन-चार पेशी ही परीक्षा उतरून बाहेर पडतात. इतकी कडक परीक्षा कोणत्याही शाळेत होत नसेल!

जखमेतून जंतू आत शिरले, की तेथील काही पहारेकरी पेशी त्यांना गिळतात, त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या अंगावर मिरवीत जवळच्या लसीका ग्रंथीकडे जातात. तेथून अनेक टी-पेशी येत-जात असतात. त्यांतील जिचा ग्राहक त्या तुकड्याशी जुळतो, ती थांबते व फुगते. धोका खरा आहे, अशी आणखी एक खूण पहारेकऱ्याकडून मिळाल्यावाचून मात्र ती पुढचे पाऊल टाकीत नाही. मग एकीच्या दोन, दोनांच्या चार, अशा तिच्यासारख्याच हजारो पेशी तयार होतात. पायाला पिकलेली जखम असता जांघेत अवधाण येते, ते या गर्दीमुळेच. यांतील काही पेशी रोगट झालेल्या पेशींना मारतात. काही इतरांना साहाय्य करतात; त्यांच्या मदतीनेच दुसऱ्या प्रकारच्या पेशी प्रतिपिंडे बनवतात. या साऱ्या तयारीस आठवडाभर लागतो, आणि तेवढ्या अवधीत रोगी आजारी पडतो.

रोग हटला, की या सैन्यातील बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या तेवढ्या राहतात. ज्वारीची रास घरी आल्यावर शेतकरी सगळी ज्वारी दळून खात नाही, चांगले बियाणे निराळे राखून ठेवतो. तशाच या राखून ठेवलेल्या स्मृतिपेशी होत. तोच जंतू पुन्हा आला, तर त्या थोड्याच दिवसांत फौज उभी करतात. फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. पुढे १८४६ साली गोवर तेथे परतला, तेव्हा जवळजवळ सारे बेट अंथरुणाला खिळले. पण लहानपणी गोवर येऊन गेलेली म्हातारी माणसे पासष्ट वर्षांनंतरही सुरक्षित राहिली.

टी-पेशींची स्मृती डोळ्यांनी पाहताही येते. क्षयाच्या जंतूंपासून काढलेले प्रथिन हाताच्या कातडीत किंचित टोचतात. पूर्वी त्या जंतूची गाठ पडली असेल, तर दोन-तीन दिवसांत तेथे टणक सूज येते. टी-पेशी जमा होण्यास तेवढा वेळ लागतो, म्हणून डॉक्टर ती सूज त्याच दिवशी न मोजता ४८ ते ७२ तासांनी मोजतात.

बी. सी. जी.ची लस फ्रान्समध्ये काल्मेट व गेरँ या दोघांनी तयार केली. गाईंना क्षय करणारा जंतू त्यांनी १९०८ पासून तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा कोठे तो निरुपद्रवी झाला. मात्र प्रत्येक लशीची स्मृती सारखी पक्की नसते. ही लस बाळांना मेंदूच्या क्षयासारख्या घातक प्रकारांपासून वाचवते. मोठेपणी फुप्फुसाच्या क्षयापासून ती भरवशाचे संरक्षण देत नाही. म्हणून दंडावर वण असला, तरी दोन आठवडे खोकला न थांबल्यास दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी लागते.